आधी तुमी बसा

नरसम्मा गेली, हे सांगायला तिची सून सकाळीच दारात आली. "सासूबाई गेल्या, बाई. मंजूताईला कळवा म्हनल्या होत्या," एवढंच बोलली. त्याला आता तीन आठवडे झाले. मुलांनो, मंजूताई म्हणजे माझी मंजू, तुमची आई. तुम्ही नरसम्माला कधी पाहिलं नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मंजू तीन वर्षांची होती आणि तिला दमा होता. नरसम्मा दवाखान्यातर्फे घरोघर जाणारी आरोग्यसेविका. स्वतः विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. मागाच्या खोलीत टांगलेले पाळणे तिने किती घरांतून बाहेर काढायला लावले असतील! सुताची उडणारी धूळ पोरांच्या छातीत जाते, हे ती सासवांशी भांडून पटवायची.

माझ्याकडे आली तेव्हा मला जरा रागच आला. दम्यावरचं इंग्रजी पुस्तक वाचून मी धुळीच्या मागे लागले होते. दिवसातून तीनदा केर काढायचा, गाद्या-चादरी मंजूच्याच खोलीत झटकायच्या, सगळं घड्याळ लावून. नरसम्मा उंबऱ्याशी बसली. "तुमी तुमचं रोजचं काम करा की. मी नुसती बघती." थोड्या वेळाने मंजू खोकू लागली, तेव्हा तिने खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे बोट केलं. "बघा वो बाई. तुमी धूळ काढत न्हाय, उठवून पोरीच्या नाकात घालताय."

मी पुस्तकात काय लिहिलंय ते सांगू लागले.

"व्हय, पन पुस्तकाला दमा न्हाय की," ती म्हणाली. त्यानंतर आमच्याकडे ओल्या फडक्याने फरशी पुसली जाऊ लागली आणि गाद्या गच्चीवर गेल्या.

धाप लागणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. एका दुपारी नरसम्मा आली तेव्हा मंजूची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी औषधाची बाटली घेऊन खोलीभर फिरत होते. चमचा दोनदा हातातून पडला. नरसम्माने मंजूला उठवून पुढे झुकवून बसवलं आणि माझ्याकडे वळली. "आधी तुमी बसा. पोरगी तुमच्या तोंडाकडं बघतीया." मी बसले. या वेळी चमचा न सांडता भरला. मंजूचा श्वास हळूहळू लांबला... मग नरसम्मा मला दटावून म्हणाली, "ओठ निळे दिसले तर सरळ टांगा करायचा. मला हुडकत बसायचं न्हाय."

पुढच्या महिन्यात तशीच धाप लागली, तेव्हा घरात मी एकटी होते. बसले, तिला पुढे झुकवलं, औषध दिलं, चिमणीची गोष्ट सांगत राहिले. गोष्ट संपली तरी धाप कमी होईना. मी तीच गोष्ट पुन्हा सुरू केली, डोळे तिच्या ओठांवर ठेवून. तिसऱ्यांदा सांगू लागले, तेव्हा मंजू एका दमात म्हणाली, "आई, ही सांगून झाली."

सून येऊन गेली त्याच संध्याकाळी फोनवर तुमच्या आईला नरसम्माचं सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी मला धाप लागायची, तेव्हा तू कधीच घाबरायची नाहीस."

"घाबरायचे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मला कळलं नाही कधी."

तुमचा अवेळी फोन वाजला, की मी आजही आधी खुर्चीत बसते आणि मगच उचलते. उशीर का होतो, असं तुम्ही विचारता... त्याचं कारण हे.