भावोजींनी व्हॅक्यूम घेतला त्याची गोष्ट

१६ फेब्रुवारी १९८६. पोह्यांचे पापड लाटायला मी खालापूरला ताईकडे गेले होते. कर्जतला माझी पिठाची गिरणी आहे, ती नवऱ्यावर सोपवली आणि सकाळची एसटी पकडली. पापड लाटून झाले, अंगणात जुन्या धोतरावर वाळत घातले आणि वर दुसरं धोतर पसरलं. पापडांना पांघरूण घालायची पद्धत फक्त ताईच्याच घरी. अंगणापलीकडे तिच्या यजमानांचा, म्हणजे माझ्या भावोजींचा, सुतारकामाचा कारखाना आहे आणि तिथून सागवानाची धूळ येते. त्या दिवशी मात्र तिकडून धूळ नव्हती की आवाज नव्हता. भावोजी ओट्यावर बसून एका मोठ्या कुलपाला तेल देत होते.

"कुठल्या दाराचं?" मी विचारलं.

"कारखान्याच्या. उद्यापासून बंद," ते म्हणाले आणि खोकले.

विकणाऱ्याच्या शब्दावर उभ्या आयुष्यात एकदाही विश्वास न ठेवलेला माणूस या तालुक्यात एकच, आणि तो आमच्या घरात आला. ताईला पाहायला आले तेव्हा भावोजींनी बसायला दिलेली खुर्ची आधी उलटी केली, तिचे सांधे तपासले आणि मग ताईकडे पाहिलं. छत्री घ्यायची तर खोपोलीच्या दुकानदाराला ती उघडून नळाखाली उभं करायचे. प्रेशर कुकर घेताना घरून भिजवलेले वाल घेऊन गेले आणि दुकानातच शिजवून, मालकाला खायला लावून, मग घेतला. विजेरी बादलीत बुडवून पाहायचे. नवीन चपला दुकानातून घालून निघत, बाजाराला फेरी मारून परत येत आणि "चावतात" म्हणून टाकून जात. दुकानदार चिडत, पण त्यांच्या घरचं लग्न निघालं की कपाटाला यांच्याकडेच येत, कारण स्वतःच्या कपाटावरही भावोजींचा विश्वास नसे. दार शंभरदा उघडून मिटल्याशिवाय ते कपाट बाहेर सोडत नसत.

असल्या माणसाने तीन वर्षांपूर्वी विजेवर चालणारं घासायचं यंत्र घेतलं. हाताने काचपेपर मारायला दिवस लागायचा, ते काम यंत्र तासाभरात करी. पण हाताची धूळ पायाशी पडायची. यंत्राची धूळ मैद्यासारखी बारीक, ती हवेत तरंगत राहायची आणि नाकातून थेट छातीत जायची. खोकला लागला. तोंडाला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणाले, "मी काय दरोडा घालायला चाललोय?" शेवटी कर्जतच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, धूळ थांबवा नाहीतर काम थांबवा, तिसरा रस्ता नाही. काम थांबवलेला हा माणूस दिवसभर घरात बसून काय काय तपासत सुटेल, या विचाराने ताईच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यापूर्वी तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "तुला पिठाच्या धुळीतलं कळतं. ह्यांना घेऊन मुंबईला जा नि धूळ ओढायचं काय असेल ते यंत्र घेऊन ये."

गेलो. भावोजींच्या पिशवीत सागाच्या धुळीने भरलेला डबा. पहिल्या दुकानात टाय लावलेल्या पोऱ्याने गालिच्यावर यंत्र फिरवून दाखवलं. भावोजींनी शांतपणे डबा उघडून त्याच्या चकचकीत फरशीवर ओतला, डोक्यावरची काळी टोपी काढून यंत्राच्या मागच्या जाळीशी धरली आणि म्हणाले, "आता ओढ." यंत्राने सगळं ओढलं. टोपी पिवळट झाली, पोऱ्याचा टायही.

"काका, हे घरगुती वापराचं आहे."

"मग धूळ काय सरकारी हाय? पुढून खातो नि मागून वकतो. चला, मेव्हणीबाई."

दुसरं यंत्र परतीच्या वाटेवर खोपोलीत, एका कारखान्याने मोडीत काढलेलं मिळत होतं. जोर असा, की टोपी हातातून गेली ती दिसलीच नाही. पण त्याला मोठ्या कारखान्याची तीन तारांची, थ्री-फेजची वीज लागे, आणि भावोजींकडे घरगुती जोडणी. तेही राहिलं.

पुन्हा मुंबई गाठली. तिथल्या एका दुकानमालकाने तिसरं दाखवलं, त्याची नळी मनगटाएवढी रुंद आणि खाली पिंपाएवढा डबा. झाकण उघडलं तर आत जाड सुती कापडाची मोठी पिशवी. मी म्हटलं, "हे घ्या. गिरणीत पिठाच्या तोंडाला मी कापडी बाही लावते, तसंच आहे हे. कापड जितकं मोठं तितकी हवा सुखाने बाहेर पडते आणि पीठ आत राहतं. चोंदलं की चार थपडा मारायच्या." नव्या टोपीची परीक्षा झाली. टोपी काळीच राहिली. एवढ्याने भागेल तर ते भावोजी कसले. मालकाला म्हणाले, "आता तुमी बसा हितं मागं." मालक बसला. त्याचा सदरा निरखून झाल्यावरच भावोजींनी यंत्र घेतलं.

आणि ते यंत्र घरी आल्यापासून ओढेना. मोटार सुरू होई, पण धूळ होती तिथेच राही. तीन दिवस भावोजी मोटार खोलून जोडत होते. "दुकानात चाललं नि हितं नाय," कुलूप बाजूला ठेवत ते म्हणाले. "पहिल्यांदा फसलो गं. आता कारखाना बंद. छाती ऐकत नाय."

त्यांच्या तोंडून 'फसलो' ऐकणं मला खोकल्यापेक्षा वाईट वाटलं. मी उठले आणि डब्याचं झाकण काढलं. पिशवी बाहेर काढून जमिनीवर ठेवली तर ती पडली नाही. आपली आपण उभी राहिली.

"ताई, ही धुतलीस?"

"धुतली की. नवं कापड न धुता वापरायचं? पेजही घातली थोडी."

ताईच्या घरी सुती म्हणून जे काही आहे ते भाताच्या पेजेतून गेल्याशिवाय वाळत पडत नाही. भावोजींच्या धोतराच्या घडीने भाकरी कापता येईल. पिशवीच्या कापडाची सगळी भोकं तिने खळीने लिंपून टाकली होती. हवेला बाहेर पडायला वाट कुठली?

भावोजींनी पिशवीला टिचकी मारून पाहिली.

"तीन दिस मी मोटार उघडतोय."

"मला इचारायचं व्हतं," ताई म्हणाली.

"तुला काय इचारणार? मोटारीला खळ घातलीस का म्हणून?"

आधी ताई हसली, मग मी, आणि मग हसता हसता खोकला येऊन भावोजी. मी पिशवी दोनदा कढत पाण्यातून काढली, उन्हात कोळंबीसारखी उलटसुलट वाळवली आणि संध्याकाळी बसवली. भावोजींनी नळी घासायच्या यंत्राशी लावून कपाटाचं एक दार घासलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात एरवी धूळ नाचायची. तो पट्टा नुसताच पिवळा होता. "पेजेचा वास येतोय," एवढंच ते म्हणाले, आणि दुसरं दार घ्यायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ताई चुलीपुढे बसलेली, चहा निवलेला. मी आत डोकावले. दिवाळीपासून हा माणूस खोकल्यापायी भिंतीला टेकून बसून झोपायचा. आज आडवा होता, पाठ टेकून, तोंड उघडं. एका संध्याकाळीत छाती सुधारत नाही हे मलाही कळतं. तरी मी दारात जरा उभी राहिले.

"उठवू का?" ताईने खुणेनेच विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली, चपला हातात घेतल्या, अंगण ओलांडल्यावर घातल्या, आणि पहिल्या एसटीने कर्जतला येऊन गिरणी सुरू केली.