टेबलाखालच्या पेटीची परीक्षा

पाव-बिस्किटांच्या त्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे सावकाशकाका म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत. काकांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी नुसतं ‘काका’ म्हटलं, तर आपल्या हातून काही घाईत झालं की काय, अशी शंका त्यांना येई.

सर्व्हर म्हणजे काय, तर पिठाच्या कोठाराशेजारच्या खोलीतली एक काळी पेटी. दुकानदारांच्या मागण्या तिच्यात येऊन पडत, आणि पहाटे कुठल्या गाडीत किती पाव चढवायचे ते तीच सांगे. ती रुसली की पाव आत गार होणार आणि ड्रायव्हर बाहेर गाडीला टेकून जांभया देणार. या पेटीला चालवणाऱ्या प्रणालीचं नाव लिनक्स. तिची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि ती निघाली रे निघाली की लोक उड्या मारत घेतात. काका उडी मारणाऱ्यांतले नव्हते. ते नवीला आधी घरी आणत.

घरी जेवणाच्या टेबलाखाली तश्शीच दुसरी पेटी होती. परीक्षा खरी व्हावी म्हणून काकांनी तिला सगळं कामावरच्या पेटीसारखं दिलं होतं: तेच कपडे म्हणा, तोच पासवर्ड, एवढंच काय, नावही तेच.

“अहो, जुळ्यांनासुद्धा लोक वेगळी नावं ठेवतात,” बायको म्हणे.

“जुळ्यांत एकाला औषध पाजून दुसऱ्याला बरं करायचं नसतं,” काका म्हणत, आणि बायको हात जोडून स्वयंपाकघरात जाई.

या खेपेला मात्र गळ्याशी आलं होतं. कामावरच्या जुन्या आवृत्तीची डागडुजी तिचे कर्ते महिनाअखेरीस थांबवणार होते. तशात कारखान्याच्या मालकीणबाईंचा भाचा, जो तिथेच हिशेब बघे, तो त्यांच्या कानाशी लागला होता. “मावशी, सावकाशकाकांच्या भरवशावर राहिलो तर आपले केस पांढरे होतील. बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू काम.”

मालकीणबाईंनी काकांना बोलावलं. “येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी मला एवढंच सांगा, नवी घ्यायची की नाही आणि तुम्हाला जमणार की नाही. नाहीतर बाहेरचे येतील, आणि तुम्हाला कोठारात बसवावं लागेल.”

उरलेली नोकरी पिठाची पोती मोजण्यात काढायची, या कल्पनेनंच काकांनी त्या दिवशी डबा न उघडता घरी परत नेला.

रविवारी कारखाना बंद असताना काका घरी लॅपटॉप घेऊन बसले. पडद्यावर दोन काळ्या चौकटी उघडल्या होत्या. एकीतून ते कामावरची पेटी ठीक आहे ना ते बघत होते, दुसरी टेबलाखालच्या पेटीची. नाव तेच, रूप तेच. काकांनी नवी आवृत्ती बसवायचा हुकूम दिला, पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. त्याच चौकटीत विचारलं, “आवृत्ती कोणती?” आकडा नवा आला. काका समाधानानं जेवले आणि आडवे झाले.

हुकूम गेला होता कामावरच्या पेटीला.

दुसऱ्या दिवसापासून काका संध्याकाळी टेबलाजवळ जमिनीवर मांडी ठोकून बसू लागले. पेटीला सरळ कीबोर्ड जोडला, छोटा पडदा लावला, आणि तपासणी सुरू. आवृत्तीचा आकडा रविवारीच बघून झाला होता, तो पुन्हा विचारायचं काही कारण नव्हतं.

“कशी आहे नवी?” मटार सोलता सोलता बायकोनं विचारलं.

“कशी असणार. जुनीसारखीच आळशी. उगाच आकडा वाढवून ठेवलाय.”

“मग लोक एवढं कौतुक कशाचं करतात?”

“थापा. म्हणे झटपट उठते. मघाशी सुरू केली, तोवर माझा चहा पिऊन झाला.”

रोज नवा दोष निघे. मेमरी खाते, विचारलं तर आढेवेढे घेते, सुधारणा म्हणाल तर दुर्बीण लावून शोधा. शेवटी बायको म्हणाली, “माझ्या माहेरची असल्यासारखी नावं ठेवताय बिचारीला.”

इकडे कामावर मागण्या नोंदवणाऱ्या बाईंनी काकांना जिन्यात गाठलं. “काका, या आठवड्यात यंत्र कसं तुरुतुरु चालतंय. काय केलंत?”

“काही केलेलं नाही. मुरलेली आवृत्ती आहे ती,” काका म्हणाले, आणि सोमवारी सांगायला हा मुद्दा बरा सापडला म्हणून खूश झाले.

सोमवारी मालकीणबाईंच्या खोलीत काकांनी नवीची सालं काढली. भाचा म्हणाला, “पण काका, सगळीकडे तर तिची स्तुती चाललीय.”

“सगळे मांडी घालून बसले नव्हते तिच्यापुढे. मी बसलोय. आणि जुनी कशी पळते ते नोंदणीच्या बाईंना विचार. थांब, दाखवतोच.”

काकांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कामावरची पेटी उघडली. आवृत्ती विचारली. आकडा नवा आला. पेटीचं लक्ष नसेल अशा समजुतीनं काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच.

भाचा पुढे झुकला. “ही तर नवी आहे. म्हणजे तुम्ही आधीच बसवलीत?” त्याच्या आवाजात चक्क आदर होता.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते काकांच्या ओठांपर्यंत आलंही. पण ते म्हणाले, “बसवली. पण घरच्या पेटीत बसवतोय असं समजून.”

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“मग आठवडाभर शिव्या कोणाला घालत होतात?” मालकीणबाईंनी विचारलं.

“जुनीला.”

भाच्याला हसता हसता चष्मा काढावा लागला. मालकीणबाई हसल्या नाहीत. “पावाची एखादी गाडी चुकली?”

“नाही.”

“आणि नवी खरंच वाईट निघाली असती तर?”

“सगळ्याच चुकल्या असत्या.” काकांना डोळ्यांपुढे पोती दिसू लागली.

मालकीणबाईंनी पडद्यावरची नजर काकांकडे वळवली. “बाहेरच्यांनी हे मला सांगितलं नसतं. काम तुमच्याकडेच राहील. पण घरच्या पेटीचं नाव आजच बदला. आणि यापुढे असा हुकूम देताना हा शेजारी बसेल, नाव मोठ्यानं वाचेल, मगच बटण दाबायचं.”

भाच्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

पुढच्या रविवारी घरच्या पेटीत नवी बसवायची म्हणून तो काकांच्या घरी हजर झाला. घरच्या पेटीचं नाव आता ‘वहिनी’ होतं. ‘माहेरच्यासारखी नावं ठेवताच आहात, तर नावही माहेरचंच असू दे,’ म्हणून बायकोनंच सुचवलं होतं. भाच्यानं ते मोठ्यानं वाचलं. मग परत वाचलं. मग टेबलाखाली वाकून दिवा बघितला. “काका, एकदा कारखान्याच्या वॉचमनला फोन करून विचारू का, तिकडची चालू आहे ना?”

“केलाय.”

“नाही, म्हणजे वायर हलवून बघितली तर...”

आठवडाभर न बघताच जिची निंदा केली ती नवी दिसते तरी कशी, हे बघायला काका कधीचे पाटावर पुढे सरकून बसले होते.

“अरे बाबा,” ते म्हणाले, “दाब की आता.”