आधी कोण उभा होता?

तारापूरला वीजकेंद्र बांधायचं काम चालू होतं तेव्हा आमच्या वसाहतीत संध्याकाळी बास्केटबॉल रंगायचा. मला खेळता येत नसे, म्हणून मला पंच केलं होतं. दोघांची धडक झाली की मला घाम फुटायचा. चूक चेंडू घेऊन घुसणाऱ्याची, की आडवा आलेल्याची?

जवळच्या दांडी गावची एक मासळीवाली बाजारातून घरी परतताना मैदानाच्या कडेला तंबाखू मळत बसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझा निकाल चुकला की ती ओरडायची, "आदी कोन उबा होता, ते बग ना!" बाजारातल्या जागेच्या भांडणात तिचा हाच कायदा होता. नियमांचं जाडजूड पुस्तकही शेवटी तेच सांगत होतं. हळूहळू मी शिटी फुंकण्याआधी चोरून तिच्याकडे बघू लागलो. तिची हनुवटी ज्याच्याकडे वळे, त्याची चूक.

एकदा चेंडूवर नजर ठेवून मागे मागे धावताना मी थेट तिच्या टोपलीत जाऊन बसलो. उरलेले बोंबील चिरडले.

"मावशी, मध्ये कशाला बसता?" मी खेकसलो.

ती जागची हलली नाही. "मी कवाची बसलेली हाय. वाजव शिटी."

दोन्ही संघ बघत होते. मी वाजवली, माझ्याच विरुद्ध. माझ्या तेवढ्या एकाच निकालावर कुणी वाद घातला नाही.