सुतकातला पानमळा

शेवटचं आमी दोघा नवरा-बायकोनी मिळून काय केलं, तर ओटीवर बसून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधल्या. ओल्या पानांचा तो वास कुठंही आला की मी अजून तिथंच जाऊन बसतो. खाडीवरून वारा येत होता आणि ती हळूहळू बोलत होती. बोईसरची कंपनी बंद पडली म्हणून आमच्या मागच्या खोलीतला बिहारी भाडेकरू पानवेलींच्या वाडीत काम मागत होता. मी नाय म्हटलेलं, परक्याचे पाय पानमळ्यात नकोत. "मग गावातली पोरं बोलवा," ती म्हणाली. "ती कशाला येतील? सरकार फुकट तांदूळ देतंय, बसून खातात." ती हसली. "रेशनचा तांदूळ मी पण आणते. मी कवा बसून खाल्ला? आणि तो येवढ्या लांबून काय बसायला आलाय?" मी पुढची जुडी बांधायला घेतली. दिवेलागणीला जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाय. सुतकात घरच्यांनी पानमळ्यात पाय टाकायचा नसतो, भावकीनेही नाय. उन्हाळा होता, वेली तिनेच लावलेल्या, एक दिवस पाणी चुकलं तर माना टाकतात. सकाळी अंगणात तिला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा मी मागच्या खोलीची कडी वाजवली. तो डोळे पुसत बाहेर आला. त्याला कुंपणापर्यंत नेलं, फाटक उघडलं आणि म्हटलं, "चप्पल इधर निकाल. पानी धीरे छोड." तो अनवाणी आत गेला आणि मी बाहेर उभा राहून, पाटातून पाणी सरकताना ऐकत राहिलो.