पाच पायऱ्या आणि एक गांधीलमाशी

रंग जुळवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणा मला कधी जमला नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत छपाईची शाई बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं शेड मॅच केल्या. बिस्किटाच्या पुड्यावरचा लाल आणि त्याच्या खोक्यावरचा लाल वेगवेगळ्या यंत्रांवर छापले, तरी शेजारी ठेवल्यावर एकच दिसायला हवेत, यासाठी मला पगार मिळायचा. नमुना आम्ही ट्यूबलाइटखाली कधी पास करत नसू. तो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात न्यायचा, दोन तुकडे एकमेकांना चिकटवून धरायचे आणि मधली रेघ दिसेनाशी झाली की सही करायची. रेघ नाहीशी करणं हेच माझं कसब होतं.

त्याच कसबाने माझी आई पडली.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणापासून दोन गल्ल्या अलीकडे आमची सोसायटी आहे. मी रिटायर झाले त्याच सुमारास तिची मोठी दुरुस्ती निघाली. लिफ्टमधून लॉबीत उतरलं की कंपाउंडपर्यंत पाच पायऱ्या आहेत. पूर्वी त्या तांबड्या ऑक्साईडच्या होत्या, जुनाट आणि कडेला झिजलेल्या. कमिटीला सगळं ग्रे हवं होतं, कारण हल्ली ग्रे म्हणजे क्लास. सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही रंगातल्या. तुम्हीच शेड फायनल करा ना." मला तेवढंच हवं होतं. लॉबीत आणि पायऱ्यांवर बसवायच्या ग्रे टाइलचा तुकडा घेऊन मी चार सकाळी कंपाउंडात उभी राहिले, रंगाऱ्याला पाच वेळा पॅच मारायला लावला, तो वैतागला तरी सोडलं नाही. शेवटी भिंत, लॉबी, पायऱ्या आणि खालची फरशी अशी जुळली की कुठून काय सुरू होतं ते कळू नये. "झकास! एकदम हॉटेल," सेक्रेटरी म्हणाले. मी आठवडाभर हवेत होते.

आई ब्याऐंशी वर्षांची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्यामुळे सगळं धुरकट दिसतं. तरी रोज सकाळी सात वाजता ती एकटी खाली उतरायची, कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे जायची, जास्वंदीच्या कळ्यांवरून तिच्याशी भांडायची आणि पुडी घेऊन परत यायची. दिवसाचं तेवढंच तिचं स्वतःचं होतं. बाकी औषधं माझ्या हातात, टीव्ही माझ्या हातात, आणि जेवणात मीठ किती तेही मीच ठरवायची.

नव्या पायऱ्या झाल्या त्याच आठवड्यात ती वरच्या पायरीवरून थेट खाली गेली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, पायरी चुकली का? आई म्हणाली, "पायरी होती कुठे?"

सोसायटीत परतल्यावर मी त्या पायऱ्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं. खरंच पायऱ्या नव्हत्या. एक ग्रे उतार होता, आणि तो मी केला होता.

मग माणसं करतात तेच मी केलं, माझ्या चुकीची शिक्षा तिला दिली. एकटीने खाली जायचं नाही, मी येईन बरोबर. आई दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तूच आण फुलं." आणि खुर्ची गॅलरीकडे वळवून बसली. माझी आई न भांडता एखादी गोष्ट सोडते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला भीती वाटली. तिला पायऱ्या परत मिळवून द्यायच्या, एवढंच मग डोक्यात राहिलं.

पहिला प्रयत्न माझ्या शेखीमुळे फसला. गॅलरीसमोरच्या तारेवर रोज एक खंड्या येतो. त्याच्या पाठीचा निळा मी कारखान्यात असताना कितीदा तरी शाईत पकडायचा प्रयत्न केला होता. त्या पिसांत निळा रंगच नसतो म्हणे. पिसाची बारीक घडण उजेडाला अशी परतवते की आपल्याला निळं दिसतं. म्हटलं, डोळ्यांत भरेल तर हाच. टाइलवर टिकेल असा रंग आणून मी महिनाभर तो निळा घोटला आणि खालच्या पायरीच्या कडेला पट्टा ओढला. असा निळा बोरीवलीत दुसरा नव्हता. आईचा हात धरून तिला खाली नेलं. "दिसतोय?"

"काय?"

"आई, निळा पट्टा! बघ ना नीट."

"अगं, नीट बघता आलं असतं तर पडले असते का?"

वर आल्यावर मी धुसफुसत बसले. आई गॅलरीत होती. अचानक ती ओरडली, "अगं, गांधीलमाशी! ग्रिलवर बघ, हाकल तिला आधी!"

चष्मा लावूनही मला ती चटकन दिसेना. मग दिसली. काळं अंग, आणि पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा.

"तुला ही दिसली?"

"न दिसायला काय झालं? माशी दिसते मला. तुझ्या पायऱ्या तेवढ्या दिसत नाहीत."

मी माशीला हाकललं नाही. मोबाइल घेतला, तिचा फोटो काढला, खाली धावत जाऊन पायरीचा काढला, आणि वर येऊन दोन्ही फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिले. माझा लाडका निळा टाइलच्या ग्रेमध्ये विरघळून गेला होता. रंग वेगळा, पण गडदपणा दोघांचा एकच. माशीचा पट्टा मात्र रंग काढून घेतला तरी तसाच ठणठणीत उभा होता, काळ्यावर पांढरा. आईच्या डोळ्यांना रंगाची ओळख पटायला वेळ लागतो. गडद आणि उजळ यांतला फरक तेवढा लगेच पोचतो. गांधीलमाशीला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं. ती रेघ नाहीशी करत नाही, ती रेघ अंगावर घालून फिरते. एकतीस वर्षं मी नेमकी उलट्या कामाला होते. मी त्या गॅलरीत एकटीच मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी निळा खरवडला आणि पाचही पायऱ्यांच्या कडेला चार बोटं रुंद पिवळा, त्याला लागून काळा, असे पट्टे ओढले. रंगात वाळू मिसळली, म्हणजे पाय घसरायला नको. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींचा निरोप आला, रविवारी मीटिंग. मीटिंगला मी मुद्दाम पिवळाजर्द कुर्ता आणि काळी ओढणी घालून गेले.

"ताई, ग्रे तुम्हीच सिलेक्ट केला ना?" सेक्रेटरींनी सुरुवात केली. "आता काय हे? सोसायटीची टॅक्सी करून टाकली तुम्ही! लुकची पूर्ण वाट लागली."

"टॅक्सी लांबून दिसते म्हणूनच हात करता ना तुम्ही?" मी म्हटलं. "चूक माझी होती. पायऱ्या मी लपवल्या, म्हणून त्या मीच परत दाखवल्या. परवानगी घेतली नाही, तेवढं मान्य."

"नियम म्हणून काही आहे की नाही? हे सगळं काढावं लागेल."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. सोसायटीचं ऑफिस लॉबीतच आहे, दार उघडंच होतं. आई बाहेर आली. तिला मी वर थांबायला सांगितलं होतं. तिने कुणाकडे पाहिलं नाही, सरळ पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कठड्यावर हात ठेवला. मी उठले, आणि सेक्रेटरींनीच मला हाताने थांबवलं.

पहिला पट्टा. आईचा पाय त्याच्या पुढे बरोबर खाली गेला. दुसरा. तिसऱ्यावर ती थांबली आणि मी पुन्हा पाऊल उचललं, पण ती फक्त पदर सावरत होती. चौथा. पाचवा. कंपाउंडच्या फरशीवर दोन्ही पाय टेकवून ती वळली आणि तिने शाळेत कवायत संपल्यावर मास्तर बघतात तसं आम्हां सगळ्यांकडे बघितलं.

"झाली का मीटिंग?" ती म्हणाली. "मग दुसऱ्या विंगच्या पायऱ्याही करून घ्या. तिकडच्या आजोबांना पण दिसत नाही. ते लाजेने बोलत नाहीत, एवढंच."

कुणी मतं मोजली नाहीत. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ताई, तो पिवळा कुठली शेड? नंबर लिहून द्या."

माझा आनंद मी लपवला नाही. तिथेच टाळ्या वाजवल्या.

आई गेटच्या दिशेने निघाली होती. प्लास्टर कालच निघालं होतं, मनगट अजून बारीक दिसत होतं. पायऱ्या जिंकल्या म्हणून रस्ता थोडाच जिंकला, असं म्हणून मी गुपचूप तिच्या मागे गेले. वीस पावलं अंतर ठेवलं. कोपऱ्यावर तिने फुलवालीशी कळ्यांवरून भांडण काढलं, पुडी घेतली आणि परत वळली. मी चटकन उभ्या रिक्षेच्या आड झाले.

रिक्षेपाशी आल्यावर ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "एवढा पिवळाजर्द कुर्ता घालून लपतेस काय गं? गेटपासून दिसतेयस. जा, घरी जाऊन चहा टाक. मी येते माझी माझी."

मी चहा टाकायला गेले.