बिनआवाजाची जीप

आमच्या घराण्यात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. बाकी माणसं चांगली आहेत.

बाबांचा संशय इब्रामपूरच्या बागायतीवर होता. तिथल्या डोंगरउतारावर त्यांनी तरुणपणी स्वतः खड्डे खणून काजू लावले होते. पण गुडघे गेले, चढण बंद झाली आणि बरेच हंगाम त्यांना आपली झाडं दिसलीच नाहीत. आम्ही राहायचो डिचोलीत. काजूची पोती घरी आली की बाबा सोप्यावरून त्यांच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "कोणतरी चोरून नेता."

"कोण नेता, बाबा?"

"ताच बघूक व्हया!"

बघायला जायचं तर गाडी हवी. वाट अशी, की बैलसुद्धा वर बघून खाली बसायचा. म्हणून जुनी फोर-व्हील जीप घ्यायची ठरली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. (आमच्या घरातलं हे शेवटचं एकमत.)

माझा मेहुणा दत्ताराम, सावंतवाडीकडचा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्याच्या हातांना, कपड्यांना, फार काय, लग्नाच्या फोटोलासुद्धा डिझेलचा वास यायचा! तो म्हणाला, "भावोजी, डोळे मिटून डिझेल घेवा. चढणीक ताकद ती डिझेलाची. आणि खाता कमी."

"डिझेल?" बाबा आतून ओरडले. "ता ट्रकाचा खाणा! पोर्तुगेजांच्या येळार मोठे मोठे सायब पेट्रोलाच्या गाडयेन फिरत!"

पण खरं कारण त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं. "वसंता, डिझेलची धडधड डोंगराच्या पायथ्याकडनाच आयकाक येता. चोर आरामात पोता बांधतलो, खांद्यार मारतलो आणि वाटेत आमकाच रामराम करून जातलो! पेट्रोल गाडी कशी, मांजरासारखी जाता."

जीप घेण्याचं असं कारण मी आजवर दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. पण मला ते लगेच पटलं. रक्त तेच ना!

तरी दत्तारामाच्या समाधानासाठी डिझेल जीप बघायला गेलो. ती होती डिचोलीतल्याच एका कंत्राटदाराची. खाणीच्या लाल धुळीखाली तिचा मूळ रंग कोणता, यावर तो आणि त्याचा मुलगा यांच्यात मतभेद होते. मला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, की डिझेल इंजिन थंड असताना चालू करून बघावं. लबाड मालक ते आधीच तापवून ठेवतात. मी सहज बघितल्यासारखं करून बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला!

"तापवून ठेवलीय!" मी दत्तारामाला बाजूला ओढून कुजबुजलो.

"भावोजी, गाडी सकाळपासून उन्हात हुबी आसा. तुमच्या टकलेर हात लावन बघा, तीव गरम लागतली."

(मालवणीत टकली म्हणजे नुसतं डोकं. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू होतात.)

पेट्रोल जीप तुये गावात होती. मालक विनायकबाब, निवृत्त मास्तर. मी विचारलं, "काय दोष?" तर ते खुर्चीत सावरून बसले आणि सांगतच सुटले. "पेट्रोल मरणाचा पिता. डावा दार आतल्यान उघडना नाय. हॅण्डब्रेक त्याच्या मनात आसल्यार लागता, म्हणून उतारार चाकाखाली धोंडो घालूचो."

आता मला सांगा, विकणारा माणूस इतकं खरं बोलेल? छे! म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवतोय! मी परत परत विचारत राहिलो. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, "एक दिवस घेवन जावा आणि चलवन बघा. मगे तरी गप रवशात."

इकडे घरात वेगळंच शिजत होतं. सुलभा (माझी बायको, दत्तारामाची बहीण) आणि दत्ताराम स्वयंपाकघरात कुजबुजायचे आणि मी गेलो की गप्प.

"काय चाललंय?"

"काय नाय, सुंगटांचो भाव इचारी होतो," दत्ताराम म्हणाला.

त्या दिवशी सोमवार होता! आमच्या घरात सोमवारी मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत. मी ओळखलं: कमिशन! कंत्राटदाराकडून बहीण-भावाला कमिशन मिळणार! त्यात जीप चालवून बघायच्या दिवशी सुलभा सकाळीच म्हणाली, "मी आज माहेराक जातंय हां." माहेराला जाताना माणूस कोयता घेऊन जातो? पिशवीतून मूठ दिसत होती!

बाबांना घेऊन मी तुयेला गेलो, जीप ताब्यात घेतली आणि इब्रामपूर गाठलं. गाडी खरंच गुणी. फोर-व्हीलचा दांडा ओढल्यावर तर खडकांवरून अशी चढली, की बाबा काठी आपटून म्हणाले, "बघ! आवाज आसा काय?" आमची वाट आधी डोंगरावर चढते आणि मग बागायतीत उतरते. माथ्यावर बाबांनी माझा हात धरला.

"इंजिन बंद कर."

"कित्याक?"

"बघ खाली!"

खाली आमच्याच काजूंत दोन माणसं! एक डोक्याला पंचा गुंडाळलेला पुरुष, एक तोंडावरून फडकं घेतलेली बाई. कोयत्यांनी सपासप चाललं होतं. बाजूला काजूच्या बोंडवांचा, म्हणजे त्या लाल-पिवळ्या फळांचा, हा ढीग, आणि झाडीआड उभी लाल धुळीने माखलेली जीप. चोरांनीसुद्धा डिझेलच घेतलेली!

मी हॅण्डब्रेक ओढला. कट्ट असा आवाज आला. 'लागतो की चांगला! मास्तर खोटं बोलले,' मी मनात म्हटलं आणि धोंडा न घालता उतारावरून धावत सुटलो.

"चोर! चोर! धरा!"

पुरुषाच्या कमरेला मी मागून मिठी मारली. डिझेलचा वास आला.

"भावोजी, सोडा! कोयतो आसा हातात!"

बाईने फडकं सोडलं. "चोर? मामंजींका झाडांपर्यंत आणूचा म्हणान सकाळपासून पडलले बोंडू बाजूक काढून वाट साफ करतंव आमी! त्येंच्यापासून गुपित ठेवलला. आणि तुमी माका चोर म्हणतात?"

मी तोंड उघडलं. पण सुलभा माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या मागे बघत होती.

पेट्रोल गाडीचा आवाज येत नाही, हे बाबांचं म्हणणं त्या क्षणी सोळा आणे खरं ठरलं. जीप आमच्या बाजूने गेली, अगदी मांजरासारखी! आत बाबा काठी धरून ताठ बसलेले. त्यांनी जाता जाता आमच्याकडे पाहिलंसुद्धा.

बोंडवांच्या ढिगात शिरून, वाटेतल्या धोंड्यावर पोट घासून, पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीला, चिऱ्यांच्या गडग्याला, धडकून ती थांबली. आम्ही जीव मुठीत धरून धावलो. बाबा मांडीपर्यंत बोंडवांत बसले होते आणि डावं दार आतून ढकलत होते. ते उघडत नव्हतं. (मास्तर त्याही बाबतीत खरंच बोलले होते.)

"बाबा, लागलं काय?"

"माका काय धाड भरली नाय," बाबा म्हणाले. "तू उतरलंस तरी गाडी आपली चलताच. माका वाटला, फोर-व्हील म्हणतत ती हीच!"

दत्तारामाने दोर बांधला आणि कंत्राटदाराकडून एका दिवसासाठी मागून आणलेल्या त्या लाल डिझेल जीपने आमची पेट्रोल जीप गडग्यातून ओढून काढली. तो नुसता शीळ घालत होता. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या!

बाबा मात्र सुलभाच्या खांद्यावर हात ठेवून नव्या साफ केलेल्या वाटेने निघाले. आपल्या पहिल्या झाडाच्या खोडाला टेकून कितीतरी वेळ उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. निम्म्या झाडांवर रानवेली चढलेल्या होत्या.

"कोण नेयना नाय रे," ते हळूच म्हणाले. "वेलींनी खाल्ली माझी झाडा." (रान काढून घेणं हे काम माझ्याकडे होतं. तो विषय इथे नको.)

संध्याकाळी जीप तुयेला परत नेली. विनायकबाबांनी चेपलेल्या तोंडाकडे पाहिलं, लोंबणाऱ्या सायलेन्सरकडे पाहिलं.

"धोंडो घातलात?"

"नाही."

"मगे गाडी तुमचीच."

अशा रीतीने डिझेल की पेट्रोल हा आमचा प्रश्न सुटला. त्या सायलेन्सरला पुढे कितीही जोड दिले तरी तो कधी सुधारला नाही. आम्ही निघालो की शेजारच्या वाड्यावरची कुत्री आधी भुंकायची आणि मग लपायची. पण हंगामात बाबा दर आठवड्याला त्याच जीपमधून इब्रामपूरला जात आणि झाडाखाली बसून पेज जेवत. मात्र गाडी दत्ताराम चालवायचा. मला मागे बसवायचे, धोंडा मांडीवर देऊन.

आता माझं वय झालं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आमच्या नात्यात कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली, की मला आवर्जून घेऊन जातात. मी बॉनेटवर हात ठेवतो, खाली वाकतो, मालकाच्या डोळ्यांत रोखून बघतो आणि पूर्ण विचार करून सांगतो, "ही घ्या."

मग ते दुसरी घेतात.