शेळ्यांचे नंबर

बारामतीच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझी आत्या इंदापूरकडच्या एका गावात शेळ्या पाळते. तेव्हा तिच्याकडे तेवीस होत्या आणि त्यांतल्या चौघींचं नाव चांदी. कपाळावर पांढरा ठिपका दिसला की दुसरं नाव शोधायच्या भानगडीत ती पडत नसे. तिला त्या तोंडावरून ओळखू येत, पण लस टोचायला येणाऱ्या डॉक्टरांची पंचाईत व्हायची.

सुट्टीत मी म्हटलं, प्रत्येकीला वेगळा नंबर देऊ. प्रोग्रॅम लिहायची नुकतीच शिकलेली पायथन ही भाषा कुठे तरी वापरायची मला घाई झाली होती. पायथन म्हणजे अजगर, हेही मी उगाच सांगून बसले.

"शेळ्यांत अजगर सोडतीस व्हय?" आत्याने विचारलं.

मग ती धार काढता काढता एकेकीचं नाव, रंग, वय आणि लस झाली का ते सांगत गेली आणि मी फाइलमध्ये टाइप करत गेले. एक ओळ म्हणजे एक शेळी. प्रोग्रॅम प्रत्येक ओळीतून एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या शेळीची स्वतंत्र नोंद, तयार करणार आणि त्याला स्वतःचा नंबर देणार. चालवून पाहिला, तर तेवीसही जणींना एकच नंबर, एक. मोजणी दर शेळीपाशी नव्याने सुरू होत होती.

"सगळ्याच पहिल्या आल्या म्हण की," आत्या म्हणाली. "गुणाच्या हायती माझ्या."

मोजणी क्लासच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या शेळ्यांची मिळून एकच, ठेवली तेव्हा कुठे एक ते तेवीस आकडे लागले. डब्यांची झाकणं कापून मी बिल्ले केले आणि शेळ्यांच्या गळ्यात बांधले. गोठ्यातून बाहेर येताना मला फार भारी वाटत होतं.

पुढे आत्याने चार नंबरची शेळी बाजारात विकली. मी फाइलमधून तिची ओळ काढून टाकली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. डॉक्टर आले त्या दिवशी मी तिथेच होते. सात नंबरची लस राहिली आहे, असं मी लॅपटॉपवर वाचून सांगितलं. त्यांनी सातचा बिल्ला शोधून सुई काढली, तोच आत्या मध्ये आली.

"हिला झालीया. ती आठ नंबरची राह्यलीया." मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "नंबर शेळीचा हाय, का तुझ्या वळीचा?"

चारच्या खालच्या सगळ्या ओळी एकेक वर सरकल्या होत्या. बिल्ले मात्र होते तिथेच. डॉक्टरांसमोर माझे कान तापले.

त्याच दिवशी मी प्रत्येक ओळीत त्या शेळीच्या बिल्ल्यावरचा नंबरही लिहून टाकला. आता नवी शेळी आली की तिला आजवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा मिळतो आणि गेलेलीचा नंबर कुणालाच मिळत नाही. आत्याला हे लगेच पटलं.

ती यादी अजून चालू आहे. शेळी व्याली की आत्या फोन करते, मी ओळ घालते आणि नंबर सांगते. ती तो माझ्याकडून दोनदा वदवून घेते.